जिप्सीचे मागचे ड्रम ब्रेक: शू बदलणं आणि एअर काढणं

शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे अर्धगोल तुकडे) नवीन टाकले, ब्रेक ऑइल बदललं, एअर (ऑइलमध्ये अडकलेली हवा) काढली, तरी पॅडल खालीच जातं. जुनी जिप्सी घेतलेल्या नव्या माणसाची ही तक्रार नेहमीची आहे. बहुतेक वेळा दोष शूचा नसतो आणि ऑइलचाही नसतो. शू आणि ड्रम यांच्यात फट जास्त राहिलेली असते आणि माणूस निप्पल (हवा काढायचा छोटा स्क्रू) सैल करून बाटलीमागून बाटली ऑइल ओतत बसतो. पॅडल कशामुळे खाली जातंय हे आधी ओळखलं तर निम्मी मेहनत वाचते, म्हणून या लेखात हत्यारांच्याही आधी पॅडलबद्दल सांगितलं आहे.

मारुती जिप्सी १९८५ मध्ये आली. नव्या गाड्यांचं बुकिंग २०१८ च्या अखेरीस थांबलं. तरी ताडोबा-पेंचच्या सफारीत आणि सह्याद्रीतल्या कच्च्या रस्त्यांवर ती अजून रोज धावते. आज हातात येणारी प्रत्येक जिप्सी जुनी आहे आणि तिचे ब्रेक आधी कुणी, कसे उघडले होते हे कळायला मार्ग नसतो. हे सगळं १३०० सीसीची जिप्सी किंग डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे: पुढे डिस्क, मागे ड्रम.

सफारीची गाडी असेल तर ताडोब्याच्या मंगळवारच्या सुट्टीत हे काम बसतं, पण पहिल्यांदा करताना एका दिवसाच्या भरवशावर राहू नका. १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर (जंगलाचा आतला मुख्य भाग) बंद असतो, तेव्हा निवांत करा. एखादा नट सडलेला निघाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गेटवर उभं राहायचं असलं की माणूस घाई करतो. ब्रेकच्या कामात घाई नको.

१. आधी पॅडल ओळखा

इंजिन बंद ठेवा. पॅडल चार-पाच वेळा दाबून बूस्टरमधला (पायाच्या जोराला मदत करणारा डबा) व्हॅक्यूम संपवा. मग थोडं थांबून नीट दाबा आणि पायाला काय जाणवतं ते बघा.

पहिल्या दाबाला पॅडल खोल गेलं, पण लगेच दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला वर आलं आणि कडक लागलं, तर फट जास्त आहे. शूला ड्रमपर्यंत पोहोचायलाच बरंच ऑइल खर्च होतंय. अशा गाडीची एअर कितीही काढा, फरक पडणार नाही.

पॅडल पायाखाली स्पंजसारखं दबत असेल आणि पंप करूनही कडक होत नसेल, तर लाइनमध्ये हवा आहे.

आधी कडक लागलं, पण पाय तसाच दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत गेलं, तर बाहेर गळती शोधा. बाहेर कुठेच ओल नसेल तर मास्टर सिलिंडरचे (पॅडलने दाबला जाणारा, चारही चाकांकडे ऑइल ढकलणारा) सील आतून गेलेत. त्यावर शू बदलून उपयोग नाही.

हँडब्रेक मागच्या चाकांवर काम करत असेल तर अजून एक खात्रीची चाचणी आहे. हँडब्रेक पूर्ण खेचून ठेवा आणि पॅडल दाबा. एरवी खोल जाणारं पॅडल आता वरच लागलं, तर फट मागच्या ड्रममध्येच आहे. ही चाचणी मी काम सुरू करण्याआधी करतो आणि संपल्यावरही करतो.

२. काय काय लागेल

- जॅक, दोन मजबूत स्टँड, पुढच्या चाकांना लावायला चार दगड किंवा लाकडी ठोकळे
- व्हील पाना, रिंग पाने, आणि ब्रेक पाइपच्या नटसाठी १० चा फ्लेअर नट पाना
- ड्रम ओढायला ८ मि.मी. जाडीचे, एकाच लांबीचे दोन बोल्ट
- नोज प्लायर, साधा प्लायर, मोठा स्क्रू ड्रायव्हर, लाकडाचा तुकडा, हातोडी
- गंज सोडवणारा स्प्रे, ब्रेक क्लीनर, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, जुनी फडकी, मास्क
- दोन्ही चाकांचा मिळून चार शूंचा सेट, आणि शक्य असेल तर स्प्रिंग किट
- दोन व्हील सिलिंडर (चाकाजवळ शू बाहेर ढकलणारे; का लागतात ते पुढे येईल)
- डॉट ३ ब्रेक ऑइल, सीलबंद, निदान अर्धा लिटर
- निप्पलवर घट्ट बसेल अशी पारदर्शक नळी आणि रिकामी बाटली
- उष्णता सोसणारं ग्रीस, अगदी थोडं

फ्लेअर नट पाना नसेल तर तो घेतल्याशिवाय पाइपला हात लावू नका. साध्या फिक्स पान्याने पाइपचा नट गोल होतो, मग पाइप कापावा लागतो आणि दिवसभराचं काम आठवड्यावर जातं.

ब्रेक ऑइलची बाटली गेल्या वर्षी उघडलेली असेल तर बाजूला ठेवा. हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं. डॉट ३ दर्जाच्या कोरड्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो. ओलावा शिरल्यावरच्या मापाला हीच मर्यादा १४० वर येते. लांब घाट उतरताना ब्रेक तापले की ऑइलमधल्या पाण्याची वाफ होते आणि पॅडल अचानक रिकामं लागतं. डॉट ४ टाकलं तरी चालेल. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळू नका.

३. गाडी उचलणं

जागा सपाट आणि टणक हवी. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. मग मागून उचला आणि स्टँड मागच्या अ‍ॅक्सलखाली लावा, चेसिसखाली नको. याचं कारण एअर काढताना कळेल. विटा रचून त्यावर गाडी ठेवू नका, वीट सांगून फुटत नाही.

हँडब्रेक सोडा, गिअर न्यूट्रल करा आणि ट्रान्सफरचा (फोर-व्हील ड्राइव्हचा) लिव्हरही न्यूट्रलला आणा, म्हणजे पुढे चाक फिरवून बघताना गिअरबॉक्सचा जडपणा शूचा घासा वाटणार नाही. आता गाडी फक्त ठोकळ्यांवर थांबलेली आहे, म्हणून ते पुन्हा एकदा तपासा.

चाक निघालं की ड्रमच्या आधी निप्पल गाठा. बॅक प्लेटच्या (ड्रममागची न फिरणारी तबकडी) मागे, व्हील सिलिंडरच्या वरच्या अंगाला ते असतं. काही गाड्यांत मागे एकाच बाजूला निप्पल असतं. चिखल घासून काढा, स्प्रे मारा, थांबा, आणि रिंग पान्याने ते हलतं का ते पाहून परत बंद करा. तुटलं तर सिलिंडर बदलावाच लागणार. हे दुकान उघडं असताना कळलेलं बरं.

४. ड्रम काढणं

ड्रमला छोटे नट किंवा स्क्रू असतील तर ते काढा. चांगल्या गाडीत ड्रम हाताने निघतो, पण तशी गाडी क्वचितच भेटते. मधल्या गोलाभोवती स्प्रे मारून दहा मिनिटं सोडा. ड्रमच्या तोंडावर दोन आटे पाडलेली भोकं असतात. त्यात ८ मि.मी. चे बोल्ट घालून एकदा हा, एकदा तो असे थोडे थोडे आवळत जा. एकच बोल्ट आवळला तर ड्रम तिरका होऊन जास्तच अडकतो. अधूनमधून लाकडाचा तुकडा ठेवून स्टडच्या मधल्या भागावर ठोका. ड्रमच्या कडेवर हातोडी मारू नका, ओतीव लोखंडाचा टवका उडतो.

हबपासून सुटूनही ड्रम बाहेर येत नसेल तर आत घासून तयार झालेल्या कडेत शू अडकलेत. हँडब्रेकची केबल सैल करा. बॅक प्लेटवरचं रबरी बूच काढून तिथून हँडब्रेकचा लिव्हर मागे ढकलला की शू आत बसतात.

आतली धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये (शूवरचा घासणारा थर) अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात कायमचं राहतं. मास्क लावा, ब्रेक क्लीनरने किंवा साबणाच्या पाण्याने ओलं करून पुसा.

आणि एक पक्कं लक्षात ठेवा: ड्रम बाहेर असताना कुणीही पॅडल दाबायचं नाही. सिलिंडरचे पिस्टन बाहेर पडतात. स्टिअरिंगला चिठ्ठी बांधा, मुलं गाडीत चढतात.

५. आत काय दिसतंय ते नीट बघा

इथे वेळ घालवा. लगेच शू उपटायला घेऊ नका.

कोरडी, एकसारखी धूळ दिसली तर फक्त शू झिजलेत. सिलिंडरच्या रबरी टोपीखाली पातळ ओल असेल तर ते ब्रेक ऑइल आहे, सिलिंडर गळतोय. ओल दाट, काळपट आणि गिअर ऑइलच्या उग्र वासाची असेल तर अ‍ॅक्सलचा ऑइल सील गेलाय. तो बदलल्याशिवाय नवे शू टाकले तर काही दिवसांत तेही तेलात भिजतील. सील जाण्याचं एक कारण जंगलात आणि ओढ्यात चालणाऱ्या गाड्यांत वारंवार दिसतं: अ‍ॅक्सलवरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर जायचं छिद्र) चिखलाने बंद होतो. तापलेल्या हवेला वाट मिळत नाही आणि ती सीलमधून तेल बाहेर ढकलते. नवीन सील बसवण्याआधी ब्रीदर मोकळा करा, नाहीतर हा खर्च पुन्हा आलाच समजा.

आत चिखलाचे थर असतील तर बॅक प्लेटची रबरी बुचं हरवली आहेत. किरकोळ वस्तू आहे, पण तिच्यावाचून उन्हाळ्यातली धूळ आणि पावसातला गाळ थेट लायनरवर जातो.

एका चाकाच्या दोन शूंपैकी एक जास्त झिजलेला असणं साहजिक आहे. पुढे जाताना ड्रम ज्या शूला ओढून घेतो तो जास्त काम करतो. पण डाव्या आणि उजव्या चाकात मोठा फरक दिसला तर एका बाजूचा सिलिंडर किंवा हँडब्रेकची केबल अडकतेय.

लायनर दोन मि.मी. च्या खाली आलं असेल तर शू बदला. तेलाने भिजलेला शू जाड असला तरी टाकून द्या. पेट्रोलने धुऊन, जाळून परत बसवणारे लोक भेटतील. लायनरमध्ये मुरलेलं तेल ब्रेक तापला की पुन्हा वर येतं आणि गाडी एका बाजूला ओढते.

ड्रमच्या आतून नख फिरवा. नख अडेल अशा खाचा असतील तर लेथवर टर्न करून घ्या. मूळ माप २२० मि.मी. आहे, २२२ च्या पुढे गेला की ड्रम बदलायचा. दोन्ही ड्रम सारख्याच मापाचे ठेवा. तडा किंवा निळे डाग दिसले तर टर्निंगवर पैसे घालू नका, नवीन घ्या.

६. शू बदलणं

आधी फोटो काढा, वरून, खालून, दोन्ही बाजूंनी. मग एकाच चाकाचं काम पूर्ण करा आणि दुसरं नमुना म्हणून तसंच ठेवा. मात्र दुसरी बाजू आरशातल्यासारखी उलटी असते हे ध्यानात असू द्या.

शूला बॅक प्लेटशी धरून ठेवणारी छोटी स्प्रिंग आणि पिन असते. मागून पिन बोटाने धरा, पुढून प्लायरने टोपी दाबून पिन पाव फेरा फिरवा, स्प्रिंग सुटते. मग दोन्ही शू ओढणाऱ्या मोठ्या स्प्रिंगसकट बाहेर घ्या. ही स्प्रिंग सुटताना जोरात येते, डोळ्यांवर चष्मा हवाच. हँडब्रेकचा लिव्हर आणि दातेरी पट्टी (शू झिजतील तशी फट आपोआप कमी करणारी) जुन्या शूवरून नव्यावर न्यायची असते. दाते झिजलेले असतील तर फट आपोआप कमी होणार नाही, पट्टी बदला.

बॅक प्लेटवर शू घासतात ते उंचवटे तारेच्या ब्रशने साफ करून त्यांवर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. तिथे खड्डे पडले असतील तर शू अडकून राहतो. लायनरला ग्रीसचं बोट लागू देऊ नका. मी नव्या लायनरवर कागदी टेप लावतो आणि ड्रम चढवण्याच्या आधी काढतो.

चारही शू एकदमच बदला. एका चाकाला नवे, दुसऱ्याला जुने असं केलं तर ओल्या रस्त्यावर गाडीचं शेपूट फिरतं.

७. व्हील सिलिंडर

रबरी टोपी अलगद उचलून आत बघा. ओल दिसली तर हा गेला. नुसतं रबर किट टाकून भागेल का, हा नेहमीचा प्रश्न. आतला पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत असेल तर भागेल. पण इतक्या जुन्या गाडीत आत गंजाचे टिपके असतातच आणि त्यावर नवं रबर टिकत नाही. माझं मत स्पष्ट आहे: सिलिंडर गळत असेल तर पूर्ण बदला, आणि दोन्ही बाजूंचे बदला. तेवढ्यासाठी पुन्हा ड्रम उघडायची वेळ आणू नका.

पाइपचा नट आधी मोकळा करा, मग सिलिंडरचे बोल्ट. पाइपच्या तोंडावर लगेच रबरी टोपी चढवा, नाहीतर वरची ब्रेक ऑइलची टाकी रिकामी होते. नवा सिलिंडर लावताना पाइपचा नट हाताने दोन-तीन आटे बसल्याशिवाय पाना लावू नका.

आत पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल यातलं काहीही लागता कामा नये. रबर फुगतं आणि ब्रेक जाम होतात. धुवायचं तर ब्रेक ऑइलने.

८. फट बसवणं

ज्या पायरीमुळे लोक फसतात ती ही.

ड्रम चढवण्याआधी दातेरी पट्टी पूर्ण मागे घ्या, म्हणजे ड्रम सहज बसतो. हँडब्रेकची केबल या वेळी सैलच हवी. ती घट्ट असेल तर लिव्हर मूळ जागी येत नाही, शू आधीच उघडे राहतात आणि फट आपोआप कमी करणारी यंत्रणा काम करत नाही. पॅडल खाली जातंय म्हणून हँडब्रेक आवळायचा, हा उपाय सर्रास केला जातो आणि तो रोग वाढवतो.

सिलिंडर उघडले नसतील तर ड्रम बसवा, चाकाचे नट लावून ड्रम हबला चिकटून राहील असं करा, आणि इंजिन बंद ठेवून पॅडल वीस-पंचवीस वेळा जोर लावून दाबा. प्रत्येक दाबाला पट्टी थोडी पुढे सरकते आणि पॅडल वर येत जातं. मग ड्रम हाताने फिरवा. हलका घासल्याचा आवाज आला तरी चालेल, पण ड्रम सहज फिरायला हवा.

सिलिंडर उघडले असतील तर पाइपमध्ये हवा आहे आणि शू पूर्ण ढकलले जाणार नाहीत. मग आधी एकदा ढोबळ एअर काढा, त्यानंतर असं पंप करून फट बसवा आणि शेवटी नीट एअर काढा. हँडब्रेक सगळ्यात शेवटी आवळायचा.

९. एअर काढणं

या गाडीत पुढच्या आणि मागच्या ब्रेकची लाइन वेगवेगळी आहे. तुम्ही फक्त मागचं उघडलं असेल आणि टाकी रिकामी झाली नसेल, तर मागची एअर काढली की पुरे. टाकीत हवा गेली असेल तर चारही चाकं करावी लागतील.

मास्टर सिलिंडर उजव्या हाताला, म्हणून सुरुवात सर्वांत लांबच्या मागच्या डाव्या चाकापासून करा. मग मागचं उजवं, तिथे निप्पल असेल तर. त्यानंतर मागच्या अ‍ॅक्सलजवळ वाकून बघा: चेसिसवर स्प्रिंग जोडलेला एक व्हॉल्व्ह दिसेल तो एलएसपीव्ही. गाडीच्या मागच्या भारानुसार तो मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करतो. त्यालाही स्वतंत्र निप्पल असतं आणि तेच विसरलं जातं. हवा तिथे अडकून राहते आणि चाकांकडून कितीही काढली तरी पॅडल मऊच. स्टँड चेसिसखाली लावले तर अ‍ॅक्सल खाली लोंबते, व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि तो मागचा दाब दाबून धरतो. अ‍ॅक्सलखाली स्टँड लावायचे ते यासाठी.

दोन माणसं लागतात. एक पॅडलवर, एक निप्पलवर. नळीचं एक टोक निप्पलवर, दुसरं बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडालेलं. पॅडलवाला तीन-चार वेळा सावकाश दाबतो आणि शेवटी दाबून धरतो. तो “धरलंय” म्हणाला की तुम्ही निप्पल पाव-अर्धा फेरा सोडायचं. ऑइल आणि बुडबुडे येतील, पॅडल खाली बसेल. निप्पल बंद करा, मग “सोड” म्हणा. हा क्रम उलटा झाला तर बाहेरची हवा आत ओढली जाते. बुडबुडे थांबून स्वच्छ ऑइल येईपर्यंत हेच करत राहा. दर पाच-सहा फेऱ्यांनी टाकीत ऑइल भरा, ती तळाला जाऊ देऊ नका.

पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे ते थेट फरशीला टेकणार नाही. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टन रोज जिथवर जात नाही त्या भागात गंज असतो. पॅडल पूर्ण दाबलं की सील त्या गंजावरून घासतात आणि चांगला मास्टर सिलिंडरही त्याच दिवशी जातो.

ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर पापुद्रे सुटतात. बाटलीत जमलेलं जुनं ऑइल टाकीत परत ओतू नका आणि जमिनीवर किंवा नाल्यातही टाकू नका. गॅरेजच्या जळक्या ऑइलच्या डब्यातही ते मिसळू नका, वेगळ्या बाटलीत झाकण लावून ठेवा आणि गॅरेजवाल्याला काय आहे ते सांगून द्या.

१०. रस्त्यावर नेण्याआधी

निप्पलवर रबरी टोप्या चढवा. इंजिन सुरू करून पॅडल मिनिटभर जोरात दाबून धरा आणि दुसऱ्या माणसाला प्रत्येक जोड बोटाने तपासायला सांगा. ओल नको, पॅडलही खाली बसायला नको. आता पहिल्या पायरीतली हँडब्रेकची चाचणी पुन्हा करा. हँडब्रेक खेचून आणि सोडून, दोन्ही वेळा पॅडल जवळपास सारख्याच उंचीवर लागलं पाहिजे. मग केबल आवळा. सहा-सात खटक्यांत गाडी धरली पाहिजे आणि सोडल्यावर चाक मोकळं फिरलं पाहिजे.

चाकाचे नट समोरासमोर आवळा आणि पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा बघा.

पहिली फेरी मोकळ्या मैदानात, पंधरा-वीसच्या वेगाने. गाडी सरळ थांबते का ते पाहा. नंतर रिकाम्या रस्त्यावर तीस-चाळीसच्या वेगावरून हलक्या ब्रेकने वेग कमी करत राहा आणि दोन ब्रेकच्या मध्ये ड्रम गार व्हायला वेळ द्या. लायनर ड्रमशी जुळेपर्यंत पर्यटक घेऊन जाऊ नका, घाटातही उतरू नका.

शेवटी आठ-दहा किलोमीटर साधी गाडी चालवा, शक्यतो ब्रेक न लावता, आणि थांबल्यावर दोन्ही मागच्या ड्रमजवळ हाताचा तळवा न्या. टेकवू नका, भाजू शकतं. दोन्हींची धग सारखी असेल तर ठीक. एक बाजू जास्त तापली असेल तर तिथला शू घासतोय: आधी हँडब्रेकची केबल सैल करून तेवढंच अंतर पुन्हा चालवा, आणि तरीही तापला तर ड्रम उघडून स्प्रिंग आणि लिव्हर तपासा.